डिस्क कार्डवर पुन्हा लिहिताना: फॅमिकॉम डिस्क सिस्टीमच्या नोंदी

७ जून

फॅमिकॉम डिस्क सिस्टीमचा, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या खेळयंत्राला जोडायचा डिस्क ड्राइव्ह हाती आला. ‘जंक’ म्हणून विकलेला, म्हणजे चालण्याची हमी नाही आणि परत घेणार नाहीत. २,८०० येन. ड्राइव्ह फॅमिकॉमला जोडणारा रॅम अडॅप्टर वेगळा घेतला, ३,५०० येन. वापरलेली पिवळी डिस्क कार्डं, म्हणजे यात चालणाऱ्या छोट्या फ्लॉपी, पाच, प्रत्येकी ४०० येन. फॅमिकॉम माझ्याकडे आधीपासून आहे, आणि ड्राइव्ह संगणकाला यूएसबीने जोडायची एफडीएसस्टिकही.

दोन कामं करायची आहेत. कार्डांवर आज जे काही आहे ते उतरवून घ्यायचं, आणि मग त्यातल्या एका कार्डावर मी लिहिलेला छोटा खेळ चढवायचा. हा खेळ संगणकावर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर केव्हाच चालतो आहे. पण डिस्क आत सरकवल्यावर मोटर फिरायला लागते, हेड सरकत जातं आणि खेळ सुरू होतो, तो अनुभव मला हवा आहे.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये १५,००० येनला हे विक्रीला आलं. याची खरी मजा खेळ बदलण्यात होती. दुकानात ‘डिस्क रायटर’ नावाचं यंत्र असे, जुनं कार्ड द्यायचं, ५०० येन द्यायचे आणि त्याच कार्डावर नवा खेळ लिहून घ्यायचा. ही पुनर्लेखनाची सेवा २००३ मध्ये पूर्ण थांबली. म्हणूनच जुन्या कार्डावर लेबल एका खेळाचं आणि आत खेळ भलताच, असं सर्रास निघतं.

८ जून

वरचं झाकण काढलं. मोटरचा रबरी पट्टा वितळून काळा चिकट डांबरासारखा झालेला. मोटरच्या पुलीवर, मोठ्या चाकावर, पत्र्याच्या कडेला, सगळीकडे पसरलेला. बोटाला लागला की साबणाने जात नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलनेच जातो. कापसाच्या काड्या किती गेल्या ते मोजलं नाही. तीन तास गेले.

या तीन तासांत एक चूक केली आणि पुढचे पंधरा दिवस तिचीच किंमत मोजली. चाकाखालचा चिकटा नीट निघेना म्हणून स्पिंडलचे (डिस्कची चकती ज्याच्यावर बसते तो मधला भाग) बारीक षटकोनी स्क्रू सैल केले आणि स्पिंडल उचलून काढला. काढण्याआधी त्याच्यावर आणि चाकावर मिळून एक खूण केली नाही. फोटोही काढला नाही. पुसून झाल्यावर अंदाजाने बसवला. आपण हे काम करणार असाल तर स्पिंडलला हात लावू नका. लावणं भागच असेल तर आधी पेनने रेघ मारा. दहा सेकंदांचं काम आहे.

१२ जून

नवा पट्टा आला, ६०० येन. ढिला. मोटर सुरू केली की पहिला अर्धा सेकंद पट्टा घसरतो आणि मग पकडतो. विकणाऱ्याने दिलेलं माप आणि प्रत्यक्ष पट्टा यांत फरक आहे.

तरी वेग मोजून पाहिला. रीत सोपी आहे. डिस्कवरचा चुंबकीय बदल एफडीएसस्टिक कच्च्या रूपात टिपते. दोन बदलांमधली वेळ तीनच प्रकारची असते: एका बिटाची, दीड बिटाची आणि दोन बिटांची. माहितीचा वेग सेकंदाला सुमारे ९६,४०० बिट, म्हणजे एक बिट साधारण १०.४ मायक्रोसेकंदांचा. आलेख काढला की तीन टेकड्या दिसायला हव्यात, १०.४, १५.६ आणि २०.७ च्या आसपास. माझ्या टेकड्या ११.१ पासून सुरू होत होत्या. ड्राइव्ह सहा-सात टक्के हळू चालतो आहे.

टेकड्या पायथ्याशी पसरलेल्या होत्या, दोन टेकड्यांमधली दरी नीट रिकामी नव्हती. पट्टा ढिला असल्यामुळे तसं झालं असेल असं समजून पुढे गेलो. ते कारण चुकीचं होतं.

१४ जून

दुसऱ्या ठिकाणाहून पट्टा, पुन्हा ६०० येन. हा घट्ट बसला. मोटरच्या मागच्या छिद्रातून बारीक स्क्रूड्रायव्हरने वेग जुळवला. हात फार हलका लागतो, स्क्रू डोळ्याला फिरल्यासारखा वाटतही नाही आणि टेकडी अर्धा मायक्रोसेकंद सरकलेली असते. तासाभरात पहिली टेकडी १०.४ वर आणली.

कार्डं मात्र वाचत नाहीत. पाचपैकी एकही नाही. फॅमिकॉमला जोडून पाहिलं तर पडद्यावर एररचा क्रमांक येतो, कधी ‘ईआरआर २२’, कधी ‘ईआरआर २७’. २२ म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचा माहितीचा खंड जिथे हवा तिथे सापडला नाही. २७ म्हणजे खंड सापडला, पण त्याच्या शेवटची सीआरसी, म्हणजे माहिती बरोबर आली का ते तपासायचा आकडा, जुळली नाही. हेड पुसलं. एका कार्डाच्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, तेही पुसले. पिवळ्या कार्डांना सरकतं झाकण नसतं, चकतीची खिडकी कायम उघडी असते, त्यामुळे धूळ आणि बुरशी दोन्ही थेट आत जातात. पुसूनही फरक नाही.

तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की कार्डं मेली आहेत. इतक्या वर्षांत चुंबकत्व गेलं असेल. सगळी पाच एकदम कशी मरतील, हा प्रश्न त्या वेळी मनात आला नाही.

१५ जून

वाचत नाही तर निदान लिहून पाहू, असं ठरवलं. लिहिणं सुरू होतं आणि लगेच थांबतं. तीन वेळा तेच.

ड्राइव्हचा पॉवर बोर्ड उलटून पाहिला. चिपवर ‘एफडी ३२०६’. मागून आलेल्या ड्राइव्हमध्ये ही चिप आहे आणि ती संबंध डिस्क सलग लिहू देत नाही, घरी प्रती काढता येऊ नयेत म्हणून घातलेला हा अडसर. खेळ आपला छोटा सेव्ह लिहितो तेवढं चालतं. सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये ‘एफडी ७२०१’ असते, तिच्यात ही अडवणूक नाही. ३२०६ च्या बोर्डात तारा टाकून अडसर काढणारे लोक आहेत. माझा सोल्डरिंगचा हात इतका बारीक नाही. ७२०१ चा सुटा बोर्ड शोधायचं ठरवलं.

ड्राइव्ह घेण्याआधी विकणाऱ्याला बोर्डाचा फोटो मागायचा, हे मला आधी सुचायला हवं होतं. नुसतं खेळायचं असेल तर कुठलाही चालेल. लिहायचं असेल तर चिप पाहूनच घ्या.

२१ जून

बोर्ड आला, १,८०० येन. अदलाबदल अर्ध्या तासात झाली, कनेक्टर सारखेच.

एक कार्ड उचललं, ज्याच्या लेबलवर कोणीतरी पेन्सिलने छोटा तारा काढला होता, आणि त्याच्या ए बाजूवर चाचणीची प्रतिमा (डिस्कवर जायच्या माहितीची फाइल) लिहिली. ती परत वाचली. पूर्ण जुळली. बी बाजूवर लिहिलं, तीही जुळली. फॅमिकॉमला लावलं आणि पडद्यावर माझा चाचणीचा रंगीत चौकट नमुना आला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी चाललं होतं. त्या रात्री फार बरं वाटलं.

२२ जून

आज एका मित्राकडे ते कार्ड नेलं. त्याचा ड्राइव्ह कधी उघडलेला नाही, दुकानातून दुरुस्त करून घेतलेला आहे, आणि त्याची सगळी कार्डं वाचतो. माझं कार्ड: ‘ईआरआर २२’. दहा वेळा घातलं, दहा वेळा तेच.

मग त्याने माझ्या उरलेल्या चार ‘मेलेल्या’ कार्डांतलं एक सहज आत सरकवलं. खेळ सुरू झाला.

तिथेच सगळं लक्षात आलं. या डिस्कवर साध्या फ्लॉपीसारखे वेगवेगळे गोल ट्रॅक नसतात. बाहेरून आत जाणारी एकच सलग सर्पिल रेघ असते. हेड बाहेरून निघतं आणि चकतीच्या प्रत्येक फेरीला एक घर आत सरकतं. चकती स्पिंडलवर एकाच कोनात बसते. त्यामुळे स्पिंडल चाकावर कोणत्या कोनात बसवला आहे यावर हेड रेघेवर चालणार की दोन रेघांच्या मधून चालणार, हे ठरतं. स्पिंडल अर्धी फेरी चुकला तर हेड बरोबर दोन रेघांच्या मध्ये. मी तो ८ जूनला अंदाजाने बसवला होता. टेकड्यांच्या पायथ्याचा पसारा हा त्याचाच होता: हेड दोन शेजारच्या फेऱ्या एकाच वेळी ऐकत होतं.

माझ्या ड्राइव्हने लिहिलेलं कार्ड माझाच ड्राइव्ह वाचत होता, कारण चूक दोन्ही वेळा तीच होती. लिहिलं आणि वाचलं, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो. ती चाचणी ड्राइव्हची नव्हतीच.

आणि तारा काढलेलं कार्ड. ते मेलेलं नव्हतं. त्याच्या दोन्ही बाजूंवर कोणाचा तरी खेळ होता, बहुधा सेव्हसकट, आणि मी त्याच्यावर लिहून बसलो. घरी येताना तेवढंच डोक्यात होतं.

२८ जून

आजचा पूर्ण दिवस स्पिंडल जुळवण्यात गेला. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

जुळवणीला स्वतः लिहिलेलं कार्ड कधीही वापरायचं नाही. मित्राच्या ड्राइव्हवर वाचलेली माझी दोन कार्डं आणि त्याने दिलेलं एक, अशी तीन घेतली. तिन्ही आजवर कोणी घरी लिहिलेली नाहीत याची खात्री केली. चाकाला एक खूण केली आणि कागदाचं एक चक्र कापून त्याच्यावर अंश आखले. स्पिंडलचे स्क्रू एवढेच सैल ठेवले की तो हाताने फिरावा पण आपोआप सरकू नये.

मग दहा-दहा अंशांनी फिरवत गेलो. प्रत्येक ठिकाणी स्क्रू आवळायचा, कार्ड घालायचं, एक बाजू वाचायची, किती खंडांची सीआरसी जुळली ते लिहायचं, स्क्रू सैल करायचा. एका बाजूवर ६५,५०० बाइट असतात, सलग वाचायला पावणेसहा सेकंद लागतात. वेळ वाचण्यात जात नाही, स्क्रू सैल-घट्ट करण्यात जातो. दुपारी दोनला पहिल्यांदा एक खंड जुळला. ‘*निन्टेंडो-एचव्हीसी*’ ही डिस्कच्या पहिल्या खंडातली अक्षरं संगणकावर धडपणे दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

पुढे दोन-दोन अंशांनी. तिन्ही कार्डं पूर्ण वाचली जाणारा अंशांचा एक पट्टा सापडला. तो लागला तिथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका. त्या पट्ट्याचं एक टोक शोधा, मग दुसरं टोक शोधा आणि मधोमध बसवा. मी कडेला थांबलो असतो तर माझी कार्डं वाचली असती, पण मी लिहिलेलं कार्ड दुसऱ्या कडेला जुळवलेल्या ड्राइव्हवर पुन्हा पडलं असतं. शेवटी स्क्रू आवळताना स्पिंडल थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर तिन्ही कार्डं परत वाचून पाहिली. दोनदा परत करावं लागलं.

आता टेकड्यांच्या मधल्या दऱ्या कोऱ्या आहेत. रेघ मारली, फोटो काढला.

२९ जून

आता आधी सगळं उतरवून घेणं. चारही कार्डांच्या दोन्ही बाजू, प्रत्येक तीन वेळा, तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून. बुरशीच्या कार्डाची बी बाजू शेवटच्या फाइलला पडत होती, चकती हळूहळू हाताने फिरवत पुन्हा पुसली, पाचव्या वेळी आली.

तारा काढलेलं कार्डही वाचून पाहिलं. आलेखात माझ्या चुकीच्या रेघेच्या खाली, कडेला, जुनी रेघ अजून आहे. बदल मोजता येतात पण खंड जुळत नाहीत. हेड दोन्ही एकत्र ऐकतं. दोन तास घालवले आणि सोडून दिलं.

एका कार्डावर गोल्फचं लेबल, आत साहसी खेळ. सेव्हचे तीन खाने, तिन्ही भरलेले, तिन्हींत वेगवेगळी, जपानी काना लिपीतली नावं. घरातली भावंडं असावीत. तिसऱ्याचा प्रवास जेमतेम सुरू झालेला. हे कार्ड बाजूला ठेवलं.

५ जुलै

माझा खेळ. इथे ड्राइव्हचा दोष नव्हता, चूक माझ्या फाइलची होती.

डिस्क सुरू होताना बायोस, म्हणजे रॅम अडॅप्टरमधला सुरुवातीचा प्रोग्राम, ‘क्योदाकू’ नावाची २२४ बाइटची फाइल चित्राच्या स्मृतीत चढवून आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहतं. जपानीत क्योदाकू म्हणजे परवानगी. जुळली नाही की ‘ईआरआर २०’. मला तेच येत होतं. मजकूर शंभर वेळा तपासला, बरोबर. शेवटी फाइलच्या १६ बाइटच्या शीर्षकात चूक सापडली: पत्ता (सोळाच्या पद्धतीत) २८०० हवा होता, तो आधी लहान मग मोठा बाइट असा, म्हणजे ०० २८ लिहायचा. मी २८ ०० लिहिला होता. मजकूर बरोबर होता, पण पोचत होता भलतीकडे. एम्युलेटरमध्ये माझ्याकडे ती तपासणी बंद केलेली होती, म्हणून तिथे कधी दिसलं नाही. चार तास.

आणखी एक गोष्ट. प्रतिमेच्या फाइलमध्ये सीआरसी आणि खंडांमधल्या मोकळ्या जागा नसतात, त्या लिहिणारा प्रोग्राम घालतो. म्हणून प्रतिमेत हाताने सीआरसी घालत बसू नका. मी एक संध्याकाळ तेही केलं होतं.

सेव्हची फाइल डिस्कवर सगळ्यात शेवटी ठेवली आहे. मधली फाइल पुन्हा लिहिली तर पुढच्या फाइलींची घडी विस्कटू शकते.

रात्री साडेअकराला शीर्षक पडद्यावर आलं. अक्षरं देवनागरीत काढली आहेत, आठ बाय आठच्या चौकोनांत. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक चौकोनाची एकच ओळ भरली आहे, आणि वेलांटीसाठी वरचा वेगळा चौकोन. डिस्क सिस्टीममध्ये चित्रांसाठी ८ किलोबाइट रॅम आहे, त्यामुळे अक्षरं डिस्कवरून हवी तशी चढवता येतात. शिरोरेषा खऱ्या टीव्हीवर एका सलग पांढऱ्या रेघेसारखी दिसली.

६ जुलै

सेव्ह करताना ‘ईआरआर ०३’. कार्डाच्या कडेची प्लास्टिकची टोपी आधीच्या मालकाने मोडली होती, म्हणजे लिहायला मनाई. एफडीएसस्टिकने लिहिताना काल ही अडचण आली नव्हती, आज खेळातून लिहिताना आली. खाचेवर चिकटपट्टी लावली, चाललं.

थोड्या वेळाने लिहिणं अधूनमधून पडू लागलं. ड्राइव्ह मी सहा सी आकाराच्या सेलवर चालवत होतो. नवे घातल्यावर थांबलं. लिहिताना सेल अर्धवट असणं महाग पडतं, वाचण्यापुरते ते पुरतात आणि लिहिताना दगा देतात.

आतापर्यंतचा खर्च: ड्राइव्ह, अडॅप्टर, कार्डं, दोन पट्टे, बोर्ड मिळून ११,३०० येन. त्यातले ६०० ढिल्या पट्ट्याचे वाया. सेल आणि अल्कोहोल वेगळे.

१२ जुलै

मित्राकडे पुन्हा गेलो. या वेळी माझा खेळ त्याच्या ड्राइव्हवर पहिल्याच फटक्याला सुरू झाला. वीस वेळा काढून घालून पाहिलं, वीसही वेळा. त्याच्या ड्राइव्हवर केलेला सेव्ह माझ्या घरी वाचला, माझ्याकडचा त्याच्याकडे.

मग दुसरं काम. बाजूला ठेवलेल्या तीन नावांच्या कार्डाची २९ जूनची प्रत तारा काढलेल्या कार्डावर लिहिली. ए बाजू, बी बाजू, दोन्ही त्याच्या ड्राइव्हवर वाचल्या. तिन्ही खाने आले, तिन्ही नावं जशीच्या तशी. मूळ कार्डाची कडेची टोपी मी मोडली, आता त्याच्यावर चुकूनही कोणी सेव्ह करणार नाही. खेळायचं झालं तर ताऱ्याच्या कार्डावर. लेबलवरचा पेन्सिलचा तारा तसाच ठेवला आहे.